धोक्याची सूचना आणि जनतेचा विश्वास

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पावसाळ्यात कृष्णाकाठच्या गावांतून ध्वनिक्षेपकावर एक सूचना वारंवार ऐकू येते : "धरणातून 50 हजार क्युसेक विसर्ग सुरू करण्यात आला आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे." या सूचनेत चूक अशी काहीच नसते. परंतु ती ऐकून गोठ्यातील म्हैस सोडावी की राहू द्यावी, याचा उलगडा ऐकणाऱ्याला होत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी, हा हिशेब पाटबंधारे खात्याचा. गावकऱ्याचा हिशेब वेगळा असतो. घाटाची कोणती पायरी बुडाली, ओढ्यावरचा पूल केव्हा बंद होईल, आपल्या आळीत पाणी रात्री शिरेल की सकाळी, यांवर त्याचा निर्णय अवलंबून असतो. विसर्गाच्या आकड्याचे या भाषेत रूपांतर करणे हे सूचना देणाऱ्याचे काम आहे. ते ऐकणाऱ्यावर टाकून चालत नाही.

ऑगस्ट 2019 मधील महापुराने ही गोष्ट फार मोठी किंमत घेऊन शिकविली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट व धोका पातळी 45 फूट मानली जाते. 2005 साली तेथे पाणी सुमारे 54 फुटांपर्यंत चढले होते, आणि काठावरील बहुतेक कुटुंबांनी मनाशी तीच खूण पक्की केली होती. "2005 साली आमच्या उंबऱ्याला पाणी लागले नाही, ते आता कशाला लागेल?" असा विचार करून पुष्कळजण घरातच राहिले. पाणी 57 फुटांच्या वर गेले. या लोकांना बेफिकीर किंवा अडाणी ठरविणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. हाती असलेल्या एकमेव अनुभवावरून त्यांनी सरळ अनुमान काढले होते. तो अनुभव या वेळी अपुरा पडणार आहे, हे त्यांच्याच खुणेच्या आधारे सांगितले जाणे आवश्यक होते : "2005 साली ज्यांच्या अंगणात पाणी होते, त्यांच्या घरात ते या वेळी शिरेल." असे एक वाक्य आकड्यांच्या संपूर्ण तक्त्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. 8 ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे वेढलेल्या गावातून बाहेर पडणाऱ्यांची नाव उलटून अनेकांना जलसमाधी मिळाली. वाटा कोरड्या असताना निघणे आणि पाण्याने वेढल्यावर निघणे, यांत केवढे अंतर आहे, हे त्या दुर्घटनेने दाखविले.

घर सोडण्यास लोक नाखूश असतात, याला कारणेही असतात. दावणीची जनावरे, पेटीतले किडूकमिडूक, कुलूप फोडले जाण्याची भीती. "सुरक्षित स्थळी जावे" या शब्दांत यांपैकी एकाचेही उत्तर नाही. जनावरे कोठे बांधावयाची, तेथे वैरण आहे काय, मागे गस्त कोण घालणार, हे सूचनेतच आले तर पावले लवकर उचलली जातात.

शब्द कितीही नेमके असले तरी बोलणाऱ्यावर विश्वास नसेल तर ते वाया जातात. याचे सर्वांत कटू उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेण्यात येऊ लागले, पण तेथे काय होते हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. त्या रिकाम्या जागेत अफवा शिरल्या, आणि ऑक्टोबर अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. पुढे 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या सुरू केल्या. परिणामी लोक रोगापेक्षा झडतीला अधिक भिऊ लागले व रुग्ण लपवू लागले. रोग हटविण्याचा उपायच रोग पसरण्यास कारण झाला! 22 जून 1897 रोजी रँड यांच्यावर गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तो इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी जानेवारीत हाफकिन यांनी आपली नवी लस प्रथम स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली होती. लोकांना समजावण्याची ही रीत किती निराळी होती!

अधिकाऱ्यांच्या मनात एक शंका नेहमी असते : खरे सांगितले तर घबराट माजेल. या शंकेपायी सूचना सौम्य केली जाते, किंवा वरिष्ठांच्या संमतीची वाट पाहत टेबलावर पडून राहते. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, त्याच्या आदल्या रात्री धरणावर लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. धोका ज्यांना दिसत होता ते धरणावर होते. नदीकाठच्या पेठांतील पुणेकरांना त्याची पुरेशी कल्पना नव्हती. दुपारी खडकवासल्याचे धरणही फुटले. घबराट माहितीने होते त्याहून अधिक माहितीच्या अभावाने होते, हे शासनयंत्रणेतील प्रत्येकाने मान्य करावयास हवे.

अर्थात प्रत्येक इशारा खरा ठरेलच असे नाही. हवामान खात्याचा लाल इशारा मिळाला आणि आभाळ कोरडे राहिले, असेही घडते. अशा वेळी गप्प बसणाऱ्या सरपंचाचे पुढच्या वर्षी कोणी ऐकत नाही. अंदाज काय होता, तो का चुकला आणि आता धोका उरला आहे की नाही, हे त्याच ध्वनिक्षेपकावरून, त्याच आवाजात सांगावे.

शिक्षकांना येथे एक काम आवर्जून करता येईल. पूर ओसरला की शाळेच्या भिंतीवर पाण्याची रेषा रंगाने आखून वर्ष लिहावे आणि आयर्विन पुलाजवळची त्या दिवशीची पातळीही शेजारी नोंदवावी. मग पुलाजवळचा फूट व गावातील पायरी यांचा संबंध मुलांनाही लावता येईल. ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी आणखी एक यादी करून ठेवावी : एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणास खिळलेले, कानांनी अधू, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, कामासाठी परगावाहून आलेली कुटुंबे. ध्वनिक्षेपकाचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही, किंवा पोचला तरी त्यांना एकट्याने निघता येत नाही. त्यांच्या दारी कोणी जावयाचे, त्याचे नाव यादीत प्रत्येकापुढे लिहिलेले असावे.