भूजलाचा उपसा : वीज कोणाची, पाणी कोणाचे?



ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पाण्याचा प्रश्न निघाला की चर्चा धरणापाशी सुरू होते आणि धरणापाशीच संपते. बारवीची उंची, भातसातील वाटा, काळू धरणाचे वर्षानुवर्षे रखडलेले काम, यांवर ठराव होतात आणि मोर्चे निघतात. ते आवश्यकच आहे. परंतु ज्या वस्तीत नळाला पुरेसे पाणी येत नाही, तेथील माणूस धरणाची वाट पाहत बसत नाही. तो बोअर मारतो; ऐपत नसेल तर बोअरवाल्याच्या टँकरपुढे हंडा धरतो. ही या शहरांची दुसरी पाणीयोजना होय. तिचा अर्थसंकल्प कोणत्याही महासभेत मांडला जात नाही.

उल्हास नदी कल्याणपाशी खाडीचे रूप घेते. दिवा, मुंब्रा, डोंबिवली पश्चिमेचा खाडीकाठ, कोलशेत या पट्ट्यांत जमिनीखालचे पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ लागते. जुन्या आगरी-कोळी गावांना हे ठाऊक होते. म्हणून पिण्याची विहीर डोंगराच्या अंगाला आणि मिठागर खाजणात, अशी वाटणी असे. इमारतींनी ही वाटणी मोडली. आज विहीर कोठे खणायची हे भूगोल ठरवीत नाही, सातबारा ठरवितो.

आता हिशेब पाहावा. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी 60 मीटर उचलण्यास पदार्थविज्ञानाच्या नियमाने सुमारे 0.16 युनिट वीज लागते. पंप, मोटार आणि नळ यांतील गळती धरून कार्यक्षमता 40 टक्के मानली, तर 0.4 युनिट. पाणी मचूळ असेल आणि ते पडद्यातून दाबाने गाळून गोडे करायचे असेल, तर दहा बार दाब, निम्मे पाणी वाया आणि 60 टक्क्यांचा पंप धरून आणखी एक युनिट लागते. निम्मे वाया जाणार म्हणून उपसाही दुप्पट करावा लागतो. एकूण झाले पावणेदोन ते दोन युनिट. समुद्राच्या पाण्याला हाच आकडा तीन ते चार युनिटांवर जातो, कारण मीठ जितके अधिक तितका दाब अधिक.

ही दोन युनिटे कोठून आणायची, यावर दर ठरतो. सरकारी तारेवरची वीज दहा रुपयांची धरली तर हजार लिटरला वीस रुपये. डिझेलच्या जनित्रात एका लिटरला तीन युनिटे मिळतात असे मानले आणि लिटरला नव्वद रुपये दर धरला, तर साठ रुपये. सूर्यपटलांचा खर्च किलोवॅटला पन्नास हजार रुपये, रोजची चार युनिटे आणि पंचवीस वर्षांचे आयुष्य धरले, तर व्याजासह युनिट चार-पाच रुपयांच्या आसपास पडते. म्हणजे पाणी दहा रुपयांत. रात्री ऊन नसते हा आक्षेप येथे लटका पडतो, कारण वीज साठवावी लागत नाही, पाणी टाकीत साठविता येते. शिवाय टंचाई असते एप्रिल-मे महिन्यांत, आणि ऊन कडक असते तेही तेव्हाच. आषाढात आभाळ भरून येते तेव्हा विहिरीही भरलेल्या असतात.

सूर्याची उष्णता थेट वापरून खारे पाणी वाफवून गोडे करण्याचा प्रयोगही देशात जुना आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेने 1978 साली अवाणिया या गावी रोज 5000 लिटरचे सौर ऊर्ध्वपातन यंत्र उभारले. तत्त्व साधे आहे. परंतु हजार लिटर पाण्याची वाफ करण्यास सहाशेहून अधिक युनिटांइतकी उष्णता लागते, आणि त्यासाठी रोज सुमारे तीनशे चौरस मीटर काच उन्हात पसरावी लागते. खेड्यात ती जागा मिळेल. डोंबिवलीच्या चाळीत कोठून आणणार?

या आकड्यांपुढे टँकर ठेवून पाहा. दहा हजार लिटरचा टँकर दोन हजार रुपयांना धरला, तर हजार लिटरला दोनशे रुपये पडतात. त्यात पाणी विहिरीतून वर काढण्याची वीज चार रुपयांची! वाहतुकीचे डिझेल, चालकाची मजुरी, गाडीची झीज हे सारे वजा केले तरी मोठी रक्कम उरते. ती ऊर्जेची किंमत नव्हे, ती विहिरीच्या मालकीची वसुली आहे. 1882 च्या इझमेंट कायद्याने जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या हाती दिले, आणि महाराष्ट्राचा 2009 चा भूजल कायदा होऊनही व्यवहारात तोच मालकी हक्क चालतो.

म्हणूनच स्वस्त सौरपंपाचे स्वागत करतानाही सावध राहिले पाहिजे. डिझेल महाग असते तेव्हा मालक हात आखडता घेतो. ऊन फुकट झाले की पंप दिवसभर चालतो. आणि येथील खडक काळा, बेसाल्ट. त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरातच काय ते पाणी. उपलब्ध पाण्याचे प्रमाण दोन टक्के धरले, तर एका हेक्टरखाली पातळी एक मीटर उतरली की मिळते दोनशे घनमीटर, म्हणजे अवघे वीस टँकर. एवढे विकून झाले की शेजाऱ्याची विहीर आटते, आणि खाडीकाठी तर गोड्या पाण्याची जागा खारे पाणी घेते. मग तेच गोडे करण्याचे यंत्र विकावयास कोणीतरी येतोच. गाळून उरलेले तीव्र खारे पाणी जाते नाल्यात किंवा पुन्हा जमिनीत. डोंबिवलीत 2014 साली हिरवा पाऊस पडला आणि 2020 साली रस्ता गुलाबी झाला. तेथील भूजल गाळताना मिठाखेरीज आणखी काय गोळा होईल, याची तपासणी यंत्र बसविण्यापूर्वीच झाली पाहिजे.

ऊर्जेच्या हिशेबात सर्वांत स्वस्त पाणी उताराने येणारे असते. 1892 पासून तानसाचे पाणी मुंबईकडे उतारानेच वाहत आले. त्याच शहापूर तालुक्यातील गावपाडे उन्हाळ्यात टँकरवर जगतात. मुंबईने मनोरी येथे समुद्राचे 200 दशलक्ष लिटर पाणी रोज गोडे करण्याची योजना 2020 मध्ये पुढे आणली. तिला साडेतीन युनिटांच्या हिशेबाने रोज सात लाख युनिटे लागतील. ती उभी राहिली तर तितके भातसाचे पाणी शहापूरला आणि कल्याणच्या खाडीकाठाला सोडणार काय, हा प्रश्न आजच विचारावा लागेल.

मृणालताई गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले, ते नळासाठी केलेल्या लढ्यामुळे. आता त्या लढ्याला विहिरीची जोड हवी. प्रत्येक प्रभागातील कार्यकर्त्याने विकाऊ पाण्याच्या बोअरची यादी करावी, उपशावर मीटर मागावा, आणि महापालिकेच्या जुन्या विहिरींवर सौरपंप व सार्वजनिक टाकी बसविण्याची मागणी प्रभाग कार्यालयात लेखी द्यावी. यादी मात्र मे महिन्यात करावी. पावसाळ्यात विहिरी भरतात आणि टँकर दिसेनासे होतात.