पानासाठी थांबलेला ग्रंथ

१९७७ मध्ये अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या हाती स्वतःच्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. शिशाच्या खिळ्यांनी छापलेल्या पहिल्या आवृत्तीचे सौष्ठव त्यांत उरले नव्हते. व्यथित होऊन त्यांनी लेखन बाजूस ठेवले आणि पाने लावणारी ‘टेक’ ही संगणकप्रणाली रचली. ती सुटी ओळ पाहत नाही; संपूर्ण परिच्छेद तोलून शब्दांमधील जागा ताणते वा आकसते. वर्षभराचे वाटलेले काम दशकभर चालले. ग्रंथमालेचा तिसरा खंड १९७३ चा. चौथ्याचा पहिला भाग २०११ मध्ये आला. प्रणाली मात्र त्यांनी सर्वांस विनामूल्य दिली. १९९१ मध्ये फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी तिच्यासाठी देवनागरी अक्षरे घडविली. नेटके पान हा वाचकाचा सन्मान असतो, तो असा.