पैनगंगेच्या कांठचीं गहाळ पानें

आमच्या वाशीमच्या मुलखांत विहीर खणूं लागलें, कीं माती व मुरूम यांखालीं काळा पाषाण लागतो. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहून आलेल्या लाव्ह्याचा हा थर होय. यापलीकडे आपल्या भूमीला इतिहासच नाहीं, असा पुष्कळांचा समज असतो. जिल्ह्याच्या दक्षिणेस वाहणारी पैनगंगा तो दूर करते. तिच्या कांठाकांठानें पूर्वेस वणीच्या पुढें गेलें, म्हणजे हें काळें पांघरूण विरळ होतें व खालचे चुनखडीचे आणि वालुकाश्माचे थर उघडे पडतात.

चंद्रपूरच्या पश्चिमेस, पैनगंगेच्या कांठीं, इरई नांवाचें गांव आहे. तेथील चुनखडीचा पृष्ठभाग घांसून गुळगुळीत झाला असून त्यावर ओरखडे उमटलेले आढळले, आणि त्यावरच चिखलांत रुतलेल्या लहानमोठ्या धोंड्यांचा थर! भूस्तरखात्याचे फेडन यांनीं १८७५ सालीं या खुणांविषयीं लिहिलें. हें काम हिमनदीचें. सुमारें तीस कोटी वर्षांपूर्वीं भारतखंड आफ्रिका व अंटार्क्टिका यांस जोडलेलें असून दक्षिण ध्रुवाकडे होतें. खालची चुनखडी मात्र साधारणतः शंभर कोटी वर्षांपूर्वींच्या समुद्रांतली. म्हणजे त्या दोन थरांच्या सांध्यांत बोट शिरणार नाहीं. पण सुमारें सत्तर कोटी वर्षें गडप झालीं आहेत.

हीं पानें गेलीं कोठें? भूमि उंच असतां गाळ सांचत नाहीं, म्हणजे पान लिहिलेंच जात नाहीं. आणि सांचलेला गाळ पुढें उंचावला, तर वारा-पाऊस तो झिजवून नेतात, म्हणजे लिहिलेलें पान फाटतें.

पुढें भूकवच ताणलें जाऊन वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या दिशेनें एक लांबट पट्टा खचला. त्यांत नद्यांनीं गाळ ओतला, अरण्यें गाडलीं गेलीं आणि वणी-बल्लारपूरचा कोळसा झाला. त्यावर सुमारें पंचवीस कोटी वर्षांपूर्वींचा कामठीचा वालुकाश्म बसला. त्यानंतर चंद्रपूरच्या बाजूस पुन्हां मोठा खंड पडतो. सिरोंच्याकडे मात्र त्या मधल्या काळाचे कांहीं थर, अश्मीभूत वृक्ष व प्रचंड सरीसृपांचीं हाडें यांसह, टिकले आहेत. एका गांवीं हरवलेलें पान दुसऱ्या गांवीं सांपडतें, तें असें.

या विचाराचा व्यवहाराशीं निकट संबंध आहे. काळा पाषाण भेदला कीं कोळसा हमखास मिळेल, असें नव्हे. खचलेल्या भागांत कोळसा सुरक्षित राहिला. उंच राहिलेल्या भागांत लाव्ह्याखालीं एकदम चुनखडी लागते. ती लागली कीं वेधन थांबवावें, कारण ती त्या अरण्यांहून कितीतरी जुनी आहे. जो खडक तेथें नाहीं, त्याची विचारपूस आधीं केली, तर पैसा व श्रम दोन्ही वांचतात.