मिरवण्याचा हक्क



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून फुटबॉलवर बोलावयाचे, आणि तेही अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉलवर, म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत निम्मी सभा घरी जाण्याची भीती. परंतु मी खेळाविषयी फारसे बोलणार नाही. मला बोलावयाचे आहे ते न खेळणाऱ्या माणसांविषयी. मैदानात एका बाजूचे अकरा गडी असतात आणि त्यांच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडणारे हजारो लोक कठड्यापलीकडे बसलेले असतात. सामना अकरांनी जिंकावयाचा आणि ‘आम्ही जिंकलो’ असे मात्र त्या हजारांनी वर्षभर सांगत फिरावयाचे. या ‘आम्ही’चा अर्थ काय, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

कोल्हापूरच्या पेठापेठांतील तालमींचे फुटबॉल सामने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही. फक्त अमेरिकेतील चेंडू निराळा. तो लंबगोल असतो, पायापेक्षा हातांतच जास्त असतो, आणि शंभर यार्डांच्या मैदानातून तो प्रतिपक्षाच्या टोकापलीकडे नेला की गुण मिळतात. तेथील विद्यापीठांचा पहिला सामना १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. त्यावेळचा खेळ आजच्यापेक्षा पुष्कळच वेगळा होता. परंतु एका विद्यापीठाने दुसऱ्याला हरवावे आणि त्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगावी, ही रीत तेव्हापासूनची.

अशा जोड्या त्या देशात पुष्कळ आहेत. मी एकच घेतो. दक्षिणेकडे अलाबामा नावाचे राज्य आहे. वस्ती सुमारे पन्नास लाख, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहूनही कमी. धंदेवाईक फुटबॉलचा सर्वोच्च राष्ट्रीय पातळीवरील एकही संघ या राज्यात नाही. आहेत ती दोन विद्यापीठे. टस्कलूसा येथील अलाबामा विद्यापीठ १८३१ साली सुरू झाले. तेथे वकील घडावेत, राज्यकर्ते घडावेत. दुसरे ऑबर्न येथले. १८७२ साली ते राज्याचे शेतकी व यांत्रिकी कॉलेज झाले, आणि ऑबर्न विद्यापीठ हे नाव त्याला १९६० साली मिळाले. एकीकडे वकिलांची पोरे, दुसरीकडे शेतकऱ्यांची; तेव्हा एकाने दुसऱ्याला गावंढळ म्हणावे आणि दुसऱ्याने पहिल्याला शिष्ट म्हणावे, हे ओघानेच आले. फुटबॉलच्या आधी हे भांडण होते. फुटबॉलने त्याला मैदान दिले.

पहिला सामना १८९३ साली बर्मिंगहॅम शहरी झाला आणि ऑबर्नने तो ३२–२२ असा जिंकला. १९०७ साली ६–६ अशी बरोबरी झाली, आणि त्यानंतर काय झाले असेल? खेळाडूंच्या रोजच्या भत्त्याचे काही डॉलर आणि पंच कोठून आणावयाचा, एवढ्यावरून दोघांचे बिनसले आणि सामना बंद पडला. तो एक-दोन वर्षे नव्हे, एकेचाळीस वर्षे बंद राहिला! मधल्या काळात दोन महायुद्धे होऊन गेली, राष्ट्राराष्ट्रांचे तह झाले. या दोन कॉलेजांचा तह होईना. शेवटी राज्याच्या विधिमंडळाला त्यात लक्ष घालावे लागले. १९४८ साली दोन्हीकडच्या विद्यार्थी-प्रतिनिधींनी बर्मिंगहॅमच्या एका बागेत खड्डा खणून कुऱ्हाड पुरली. तिकडे ती समेटाची खूण समजतात. मग सामना झाला आणि अलाबामाने ऑबर्नचा ५५–० असा धुव्वा उडवला. कुऱ्हाड पुरली खरी, पण दांडा वरच राहिला म्हणावयाचा!

आता पाहा. पंचावन्न विरुद्ध शून्य! एवढा विजय मिळवणाऱ्याने निदान दहा वर्षे तरी मिरवावे. परंतु पुढल्याच वर्षी, १९४९ साली, ऑबर्नने १४–१३ असा, केवळ एका गुणाने, सामना जिंकला. त्याबरोबर आदल्या वर्षीचे पंचावन्न गुण फुकट गेले. मिरवण्याचा हक्क म्हणतात तो असा असतो. तो कोणाच्या मालकीचा नसतो; वर्षाच्या कराराने मिळतो, आणि करार संपला की पुन्हा मैदानात जाऊन तो नव्याने करावा लागतो.

हा हक्क तेथे किती खोल रुजला आहे, याची कल्पना येथे बसून येणे कठीण. ऑबर्नचा माणूस रस्त्यात भेटला तर ‘वॉर ईगल’ म्हणतो, अलाबामाचा ‘रोल टाइड’ म्हणतो. आपण रामराम म्हणतो तसे. एकाच घरात नवरा एका पक्षाचा आणि बायको दुसऱ्या पक्षाची असे संसार आहेत, आणि ते सुखाने चालतात असेही म्हणतात. ऑबर्नच्या एका शिक्षकाने, म्हणजे टॉमी टबरव्हिल यांनी, २००२ ते २००७ अशी लागोपाठ सहा वर्षे अलाबामाला हरवले. २०२० साली तेच गृहस्थ त्या राज्यातून अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले. ओरडणाऱ्या या गर्दीतील कितीतरी लोकांनी त्या विद्यापीठांच्या वर्गात एक दिवसही पाऊल टाकलेले नसते. तरीही ते ‘आम्ही’ म्हणतात.

पण या ‘आम्ही’ला एक काळी कडाही होती, ती झाकून चालणार नाही. १९६३ साली अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस दोन कृष्णवर्णी विद्यार्थ्यांना अडवण्यासाठी स्वतः विद्यापीठाच्या दारात उभे राहिले होते. जे दार विद्यार्थ्याला बंद, ते खेळाडूला कोठून उघडे असणार? १९७० च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाहून आलेल्या एका विद्यापीठाच्या संघाने बर्मिंगहॅममध्ये अलाबामाला ४२–२१ असे हरवले. त्या संघात सॅम कनिंगहॅम हा कृष्णवर्णी तरुण वाऱ्यासारखा पळाला. त्या एका सामन्याने सारे बदलले, असे सांगण्याची तिकडे रूढी आहे. ते तितकेसे खरे नाही. विल्बर जॅक्सन हा पहिला कृष्णवर्णी खेळाडू अलाबामाने त्याआधीच घेतला होता, आणि ऑबर्ननेही जेम्स ओवेन्स याला घेतले होते. परंतु एवढे खरे की ज्यांना दारात अडवले, त्यांच्याच मुलाबाळांच्या पळण्यावर पुढे ‘आम्ही जिंकलो’ ही आरोळी उभी राहिली. ‘आम्ही’ हा शब्द माणसाला कधी कधी त्याच्या मनापेक्षा मोठा व्हावयास लावतो.

आणि कधी कधी फार लहानही करतो. ऑबर्न गावात टूमर्स कॉर्नर म्हणून एक चौक आहे. तेथे ओकची दोन जुनी झाडे होती. सामना जिंकला की सारा गाव तेथे जमावयाचा आणि कागदाच्या लांब पट्ट्या फेकून ती झाडे पांढरीशुभ्र करून टाकावयाचा. २०१० च्या नोव्हेंबरात ऑबर्न ०–२४ असे मागे पडले असता उलटले आणि २८–२७ असे जिंकले. तो पराभव अलाबामाच्या एका साठी उलटलेल्या चाहत्याला सोसला नाही. त्याने त्या झाडांच्या मुळांशी तणनाशक ओतले, आणि २०११ च्या जानेवारीत रेडिओवरच्या कार्यक्रमात फोन करून ते अभिमानाने सांगितले. त्याला तुरुंग झाला, भरपाईचा हुकूम झाला. झाडे मात्र वाचली नाहीत. एप्रिल २०१३ मध्ये ती तोडावी लागली.

श्रोतेहो, या माणसाने नेमके काय मारले? त्याला वाटले, शत्रूचे झाड मारले. मी म्हणतो, त्याने स्वतःचाच आनंद मारला. अलाबामाचा विजय गोड का लागतो? ऑबर्नच्या चौकात त्या रात्री झाडे हिरवीच राहतात म्हणून. ती झाडेच नसतील, तो चौकच नसेल, तर मिरवावयाचे कोणापुढे? अरण्यात एकटा राहणारा माणूस बढाई मारत नाही. बढाईला शेजारी लागतो, आणि तोही तोलामोलाचा लागतो.

हे त्या राज्यातील सामान्य माणसाला त्या गृहस्थापेक्षा चांगले समजत होते. झाडांना विष घातल्याची बातमी येताच अलाबामाच्याच चाहत्यांनी झाडांसाठी वर्गणी जमवली. आणि दोनच महिने गेले असतील, २७ एप्रिल २०११ रोजी टस्कलूसा आणि बर्मिंगहॅमच्या परिसरावरून भीषण चक्रीवादळ गेले. साठाहून अधिक माणसे मेली, वस्त्याच्या वस्त्या भुईसपाट झाल्या. तेव्हा ऑबर्नच्या चाहत्यांनी आपल्या त्या चौकाच्या नावाने मदत उभी केली आणि अन्न, पाणी, कपडे घेऊन ती माणसे टस्कलूसाला धावली. ज्यांना वर्षभर शिष्ट म्हटले त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. शेजारी जगला तर पुढच्या नोव्हेंबरात त्याला हरवता येईल, असा हिशेब त्यांनी केला असेल असे मला वाटत नाही. परंतु इतक्या वर्षांच्या भांडणाने त्यांना शेजाऱ्याचे घर पाठ करून दिले होते, हे नक्की.

एक शेवटची हकीगत सांगतो. ३० नोव्हेंबर २०१३. लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय विजेता ठरलेला अलाबामाचा संघ ऑबर्नच्या मैदानावर आला होता. २८–२८ अशी बरोबरी, वेळ संपलेली. अलाबामाचे शिक्षक निक सेबन यांनी पंचांशी वाद घातला की एक सेकंद अजून शिल्लक आहे. तो एक सेकंद त्यांना मिळाला. लाथेने दूरवरून चेंडू खांबांमधून घालवण्याचा प्रयत्न झाला, चेंडू कमी पडला, आणि गोलरेषेमागे उभ्या असलेल्या क्रिस डेव्हिस या ऑबर्नच्या गड्याने तो झेलून साऱ्या मैदानाची लांबी पळून पार केली. ३४–२८! मागून घेतलेल्या एका सेकंदाने सामना घालवला. जिंकणाऱ्याने मिरवताना नम्र का असावे, याचे याहून चांगले कीर्तन मला ठाऊक नाही.

आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे आज अमेरिकेत शिकत आहेत. त्यांनी सुट्टीत घरी येऊन कोणत्यातरी विद्यापीठाचा रंगीत सदरा मोठ्या दिमाखात मिरवला, तर त्यांना हसू नका. फक्त एक विचारा : तुमच्या शेजारच्या विद्यापीठाचे नाव काय? ज्याला ते नाव सांगता येते, आणि सांगताना ज्याच्या डोळ्यांत द्वेषाऐवजी थोडी गंमत चमकते, त्याला मिरवण्याचा हक्क खुशाल द्यावा. एका वर्षापुरता!