चौथ्या प्रयत्नातील क्ष-किरण



रात्रीच्या आकाशाकडे पाहिले की विश्व ताऱ्यांनीच भरलेले आहे, असा भास होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. शेकडो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधल्या गेल्या की दीर्घिकासमूह बनतो. मोठ्या समूहातील सर्व ताऱ्यांच्या वस्तुमानाहून कितीतरी अधिक वस्तुमान दीर्घिकांच्या मधल्या विरळ वायूचे असते. कोट्यवधी अंश तापमानाचा हा वायू क्ष-किरणांनी तळपतो. परंतु पृथ्वीचे वातावरण क्ष-किरणांना अडवते. म्हणून त्यांचा वेध घेणारी दुर्बीण अंतराळातच न्यावी लागते.

१९९९ साली अमेरिकेने सोडलेल्या अशा दुर्बिणीला भारतात जन्मलेले थोर शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या स्मरणार्थ 'चंद्रा' हे नाव दिले गेले. ययाति तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकासमूहाच्या वायूत तिला पोकळ्या आणि तरंग आढळले. मध्यावरील कृष्णविवर या वायूला ढवळते आहे, हे स्पष्ट झाले. पण किती वेगाने? छायाचित्रातून वेग कळत नाही. वायूतील लोहाच्या वर्णरेषा किती रुंदावल्या आहेत, हे अतिसूक्ष्मपणे मोजावे लागते. एकेका क्ष-किरण कणाने होणारी तापमानातील नगण्य वाढ टिपणारे उपकरण त्यासाठी हवे, आणि ते निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या एक-विसांश अंशावर ठेवावे लागते.

हे आव्हान जपानने अमेरिकेच्या सहकार्याने स्वीकारले. फेब्रुवारी २०००मध्ये अग्निबाणच अयशस्वी ठरला आणि उपग्रह कक्षेत पोहोचला नाही. जुलै २००५मध्ये 'सुझाकू' कक्षेत स्थिरावला. परंतु एकाही खगोलाचा वेध घेण्यापूर्वीच या उपकरणाला थंड ठेवणारे द्रवरूप हेलियम निसटून गेले. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी 'हितोमी' झेपावला. हितोमी म्हणजे डोळ्यातील बाहुली! या डोळ्याने ययातीतील समूह पाहिला आणि ३८व्या दिवशी तो कायमचा मिटला. उपग्रह स्थिर असताना तो फिरतो आहे, असा नियंत्रण यंत्रणेचा समज झाला. तो सावरताना चुकीच्या आज्ञावलीमुळे गिरकी वाढत गेली आणि सौरपंखे तुटले.

सोळा वर्षांत तीनदा पदरी निराशा! तरीही हितोमीचे अल्पायुष्य वाया गेले नाही. समूहाच्या गाभ्याजवळील वायूच्या खळबळीचा वेग सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर भरला. त्या खळबळीचा दाब वायूच्या उष्णतेमुळे असलेल्या दाबाच्या अवघा ४ टक्के होता. याचे महत्त्व मोठे आहे. वायूचा दाब गुरुत्वाकर्षणाला तोलून धरतो, या गृहीतावर समूहाचे वस्तुमान काढले जाते आणि त्यावरून अदृश्य कृष्णद्रव्याचा अंदाज बांधला जातो. वायू फार खवळलेला असता, तर हे गणितच डळमळले असते. निदान त्या गाभ्यापुरती तरी ती शंका फिटली.

अपघातानंतर जपानी अंतराळ संस्थेने आपल्या चुका प्रकट अहवालात मांडल्या. अध्यक्षांनी स्वतःच्या वेतनात कपात स्वीकारली. दोष एखाद्या कनिष्ठावर ढकलून प्रकरण मिटवले नाही. कामाची पद्धतच सुधारली.

७ सप्टेंबर २०२३ रोजी तानेगाशिमा येथून 'क्रिझम' हा चौथा उपग्रह निघाला. येथेही विघ्न आलेच! उपकरणापुढील झाकण उघडले नाही, त्यामुळे कमी ऊर्जेचे क्ष-किरण आत शिरेनात. पण लोहाच्या रेषा अधिक ऊर्जेच्या असल्याने झाकणातील खिडकीतून आरपार पोहोचत होत्या. नरतुरंगातील समूहाचे निष्कर्ष २०२५मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील गाभ्याचा वायू सेकंदाला १३० ते ३१० किलोमीटर वेगाने, हलत्या घागरीतील पाण्याप्रमाणे हिंदकळतो आहे. सतत क्ष-किरण फेकणारा गाभा निवत का नाही, या जुन्या कोड्याचे एक उत्तर येथे मिळते. हिंदकळण्याने बाहेरची ऊब आत मिसळते.

२०००मध्ये उमेदीने या कामाला लागलेला तरुण संशोधक २०२३मध्ये पन्नाशीला टेकला असेल. कोट्यवधी वर्षे प्रवास करून आलेला किरण टिपण्यासाठी एवढी प्रतीक्षा तर करावीच लागते.