इंदापूरहून आलेलं पाकीट



श्रीधरस्वामींनी शके १६४० मध्ये शिवलीलामृत पुरं केलं ते या बारामतीत. मोरोपंतांच्या आर्या घडल्या त्या इथेच, कऱ्हेकाठी. शेजारच्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावानं वसलं, त्या वालचंद हिराचंदांवर पोस्टानं २००४ मध्ये तिकीट काढलं. बारामती-इंदापूरच्या आम्हा टपाल संग्राहकांचं ते लाडकं तिकीट आहे.

आता थेट मुद्द्यावर येतो. संग्राहकांच्या या मेळाव्याच्या तयारीच्या बैठकीत आमचा एका गोष्टीवर मोठा वाद झाला. प्रदर्शनात एक फ्रेम काउंटरवरच्या स्टिकरांची लावायची होती. स्पीड पोस्ट करताना यंत्रातून निघतं आणि कर्मचारी पाकिटावर चिकटवतो, ते बारकोडचं पांढरं स्टिकर. काहीजण म्हणाले, याला तिकिटांच्या पंगतीत बसवायचं नाही. ना चित्र, ना दाते, ना रंग. रोज हजारोंनी निघतात. यात जपण्यासारखं काय? फ्रेम शेवटी लागली आहे. का लागली, ते तुमच्यापुढे मांडणं माझं कर्तव्य समजतो.

आधी एक जुनी गोष्ट. आपण सगळे ज्याचं नाव आदरानं घेतो ते सिंध डाक १ जुलै १८५२ रोजी निघालं. आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट. ते काढणारे बार्टल फ्रिअर त्याआधी आपल्या साताऱ्याला रेसिडेंट होते. त्या तिकिटावर राणीचा चेहरा नव्हता. एक बाण, ईस्ट इंडिया कंपनीची आद्याक्षरं, अर्धा आणा किंमत. त्याच्या एका प्रकारात तर पांढऱ्या कागदावर पांढराच उठाव, म्हणजे डोळ्यांना धड दिसायचंही नाही. सव्वादोन वर्षांत, १ ऑक्टोबर १८५४ ला देशभराची तिकिटं आली, सिंध डाक मागे घेतलं गेलं आणि उरलेला साठा नष्ट केला. कचेरीच्या सोयीसाठी काढलेला कागदाचा तुकडा, एवढंच त्याचं तेव्हाचं मोल. ज्यांनी कुणी पाकीट न फाडता ट्रंकेत ठेवलं, त्यांच्यामुळे आज ते आपल्याला पाहायला मिळतं.

युरोपात हा वाद केव्हाच होऊन गेला. स्वित्झर्लंडमध्ये १९७६ साली फ्रामा कंपनीच्या यंत्रांतून, नाणं टाकलं की हव्या त्या किमतीचं लेबल छापून मिळू लागलं. १९८१ मध्ये जर्मनीनं तेच केलं. तिथल्या जुन्या संग्राहकांनीही सुरुवातीला नाक मुरडलं. आज जर्मनीच्या मिशेल कॅटलॉगमध्ये अशा लेबलांची रीतसर नोंद असते. पण आपलं स्टिकर आणि ते लेबल एक नव्हे, हे मी आमच्या बैठकीतही सांगितलं. फ्रामाचं लेबल कोरं विकत घेऊन घरी नेता येतं. आपलं स्टिकर एका ठरावीक पाकिटासाठीच जन्माला येतं. त्यावर पाठवणारा असतो, घेणारा असतो, वजन असतं, पैसे असतात. पाकिटावरून काढलं की त्याचा जीव गेला. म्हणून माझं म्हणणं असं की, स्टिकर तिकिटाच्या अल्बममध्ये लावू नये. जपायचं तर अख्खं पाकीट जपावं, आणि टपालाचा इतिहास म्हणून जपावं.

आणि इतिहास त्यात किती आहे! नाशिकच्या छापखान्यातलं तिकीट बारामतीत विकलं काय आणि गुवाहाटीत विकलं काय, त्यात फरक नसतो. त्याला गाव मिळतं ते शिक्क्यानं. शिक्का तर बहुतेक वेळा अर्धा तिकिटावर, अर्धा पुसट. स्टिकरवर मात्र कार्यालयाचं नाव, पिन, तारीख आणि वेळ मिनिटापर्यंत स्वच्छ छापलेली असते.

त्यातला पिनच घ्या. बारामती ४१३१०२, इंदापूर ४१३१०६. आपण पुणे जिल्ह्याचे. पुणे शहर ४११, आसपासचा ग्रामीण भाग ४१२, मग आपण ४१३ कसे? ४१३ म्हणजे सोलापूरचा गट. पिनचे पहिले तीन आकडे टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात, महसुलाचा नव्हे. १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी ही पद्धत आणली. आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. कलेक्टर कचेरी आपल्याला पुण्याला जोडते, टपाल सोलापूरला. हे कुठल्या तिकिटाच्या चित्रात दिसेल?

पुढच्या रांगेतल्या मुलांनो, बारकोडखालचा तेरा जागांचा क्रमांक नीट पाहा. आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. स्पीड पोस्टचं पहिलं अक्षर ई, रजिस्टरचं आर. नऊपैकी शेवटचा आकडा पडताळणीचा. पहिल्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ नी गुणा, बेरीज करा, अकरानं भागा. बाकी अकरातून वजा केली की तो नववा आकडा येतो. दहा आले तर शून्य धरतात, अकरा आले तर पाच. आज घरी जाऊन एखाद्या पाकिटावर करून पाहा. सहावी ते नववीत असाल तर दीनदयाळ स्पर्श योजनेची महिना पाचशे रुपयांची शिष्यवृत्तीही लक्षात ठेवा. ती याच छंदासाठी आहे.

त्या ‘आर’ अक्षराबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. आपल्याकडे रजिस्टर एडी म्हटलं की घर शांत व्हायचं. कोर्टाची नोटीस, जमिनीची नोटीस, बँकेचा कागद. पोस्टमन सही घ्यायचा, पोचकार्ड परत जायचं. २०२५ मध्ये देशांतर्गत रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. म्हणजे बारामती आणि इंदापूरच्या काउंटरवरची ‘आर’ची शेवटची स्टिकरं तुमच्याआमच्या घरातच, फायलीत, कपाटावर, कदाचित रद्दीत पडलेली आहेत. ती आज शोधली नाहीत तर पुन्हा मिळणार नाहीत. तसंच करोनाकाळातलं. तेव्हाच्या पोस्टाच्या पावतीच्या तळाशी मास्क वापरा, सुरक्षित राहा, अशी इंग्रजी ओळ छापून यायची. त्या दिवसांचा इतका साधा आणि खरा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

त्याच काळातली एक घरची गोष्ट सांगतो. माझी थोरली बहीण इंदापूरला असते. राखीपौर्णिमेला ती येणार नाही असं कधी झालं नव्हतं. २०२० साली पहिल्यांदा राखी पोस्टानं आली. पाकिटावर तिकीट नव्हतं, स्टिकर होतं. इंदापूर, पिन, वजन वीस ग्रॅम, सकाळची वेळ. आक्का तोंडाला पदर लावून रांगेत उभी राहिली असेल, ते त्या वेळेच्या आकड्यांत मला दिसायचं. मी ते पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून खणात ठेवलं. चार वर्षांनी काढलं तर स्टिकर कोरं. एक अक्षर नाही.

दोष माझा होता. हा कागद थर्मल असतो. त्यात शाई नसते, वरच्या लेपातलं रसायन उष्णतेनं काळं पडतं. ऊन, ऊब, चिकटपट्टी आणि मऊ पीव्हीसीतली द्रव्यं लागली की तो काळेपणा उडून जातो. म्हणून पाकीट हाती येताच त्याचा फोटो किंवा स्कॅन काढा. पीव्हीसीऐवजी पॉलिएस्टरच्या पारदर्शक खोळीत, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवा. तिकिटासारखं पाण्यात भिजवू तर मुळीच नका.

आणखी एक आग्रहाची विनंती. या स्टिकरांवर माणसांची नावं असतात, कधी मोबाइल नंबर असतो. दुसऱ्याचं पाकीट मांडण्यापूर्वी त्याची परवानगी घ्या, नंबरावर कागदाची पट्टी लावा. आमच्या फ्रेममध्ये तसंच केलं आहे.

टपालाचा इतिहास स्टिकरांपुरता नाही. उजनी धरणाच्या पाण्यात आमच्या इंदापूर तालुक्यातली गावं गेली. उन्हाळ्यात धरण उतरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं. त्या जुन्या गावच्या पत्त्यावर आलेलं एखादं कार्ड, एखादा लखोटा कुणाच्या आजीच्या ट्रंकेत असेल, तर कृपा करून आम्हाला दाखवा. आम्ही घरी येऊन स्कॅन करू, मूळ कागद तुमच्याकडेच राहील.

आक्काचं ते कोरं पाकीट तिसऱ्या टेबलावर ठेवलं आहे. त्याच्या शेजारी यंदाच्या राखीचं पाकीट आहे, अक्षरं अजून ठळक आहेत. आक्काही आज आली आहे, त्या टेबलाजवळच बसली आहे. चहाच्या सुट्टीत तिला जरूर भेटा. आता अध्यक्षांना विनंती करतो की, त्यांनी दीपप्रज्वलनासाठी पुढे यावं.