सुरक्षेचा खर्च कोणी सोसायचा?

(सातपूर येथे दिलेल्या व्याख्यानावरून)



राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे दोन्ही विषय राज्यसूचीत येतात. जबाबदारी राज्याची, पण कराच्या वाढत्या उत्पन्नाची साधने मुख्यतः केंद्राच्या हाती. अंतर्गत सुरक्षेच्या निधीवरून होणाऱ्या वादांचे मूळ या विसंगतीत आहे. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची केंद्रीय योजना १९६९-७० सालची. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा करातील वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला, तेव्हा २०१५ मध्ये केंद्राने तिच्या योजनांतर्गत मदतीतून अंग काढून घेतले. आणि २०१७ मध्ये तीन वर्षांसाठी २५,०६० कोटींची छत्रयोजना मंजूर केली. त्यातही ६,४२४ कोटींचा भार राज्यांवरच होता. उजव्या हाताने द्यावे, डाव्याने मोजून घ्यावे, असा हा व्यवहार!

हे भांडण रकमेचे आहे. ती कोणावर खर्च होते, हे क्वचितच विचारले जाते. २६ नोव्हेंबर २००८ नंतर महाराष्ट्रात चिलखती जाकिटांवरून राजकीय रण माजले, आणि ते योग्यच होते. परंतु यंत्रसामग्रीच्या खरेदीला मक्तेदार असतो, त्यामुळे तिला वकीलही मिळतो. शिपायाच्या घराला, त्याच्या कामाच्या तासांना वकील कोठून मिळणार? १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलीस संघटनेची मान्यता काढून घेतली गेली, नेत्यांना अटक झाली आणि १८ तारखेला असंतोषाचा भडका उडाला. गिरणी संपाला तेव्हा सात महिने झाले होते. संपकरी कामगार आणि पोलीस त्या दिवशी एकाच रस्त्यावर आले. सरकारने लष्कर बोलावले. लष्कर आणण्याच्या खर्चाबद्दल मात्र तिजोरीची तक्रार ऐकू आली नाही.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. कारखान्याच्या फाटकावरील रखवालदार हाही सुरक्षेचाच कामगार. त्याच्यासाठी महाराष्ट्राने १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांचा कायदा केला; मंडळाकडे नोंदणी, मालकाकडून वेतन व अधिभार, त्यातून भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस. माथाडी कायद्याचाच हा धाकटा भाऊ. पण त्यात सवलतीचे कलमही आहे, आणि ठेकेदारांना कायद्यापेक्षा तेच अधिक पाठ असते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी आपल्या आमदारांकडे गृहखात्याच्या मागण्यांत पोलीस घरांसाठी किती आणि उपकरणांसाठी किती, हा हिशेब मागावा. आणि वसाहतीतील प्रत्येक फाटकावर जाऊन रखवालदाराला विचारावे, मंडळाकडे त्याची नोंद आहे काय.